वाचक सुटतो तो दोन पुस्तकांच्या मधल्या काळात

कराड तालुक्यातील एका वडिलांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचा मुलगा सहावीपर्यंत हाती पडेल ते वाचत असे. आता नववीत आल्यापासून तो अभ्यासाखेरीज एकही पुस्तक उघडत नाही. त्यांनी रोज वीस पाने वाचण्याचा नियम घातला, संध्याकाळी मोबाईल काढून घेतला, वाचून झालेल्या प्रत्येक पुस्तकामागे शंभर रुपये देऊ केले, आणि यांपैकी कोणताच उपाय महिन्याच्या वर टिकला नाही. जाता जाता त्यांनी हेही लिहिले आहे की कॉलेजात असताना ते स्वतः पुष्कळ वाचत, पण गेल्या पंधरा वर्षांत त्यांचे एकही पुस्तक वाचून पूर्ण झालेले नाही. आयुष्यभर वाचणारी माणसे घडतात तरी कशी, असे त्यांचे विचारणे आहे.

मी तासगाव तालुक्यातील एका सार्वजनिक ग्रंथालयात २८ वर्षे ग्रंथपाल म्हणून काम केले. त्या अनुभवावरून मला असे वाटते की या प्रश्नातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य ते आहे, जे त्यांनी जाता जाता लिहिले. मुलाचे आणि वडिलांचे दुखणे एकच आहे. गोडी दोघांनाही होती. मध्येच कुठेतरी धागा सुटला आणि तो पुन्हा हाती आला नाही. त्यामुळे वाचनाची आवड कशी लावावी हा इथला खरा प्रश्न नाही. वाचणारा माणूस नेमका केव्हा सुटतो आणि सुटलेला परत कसा येतो, हा आहे.

आमच्याकडे संगणक येण्यापूर्वी देवघेवीच्या रजिस्टरात प्रत्येक सभासदाचे स्वतंत्र पान असे. त्या नोंदी संगणकावर चढवण्याचे काम माझ्याकडे आले तेव्हा जवळपास तीन महिने मी रोज दुपारी ती पाने चाळत होतो. पक्क्या वाचकाचे पान पहिल्यापासून शेवटपर्यंत अखंड भरलेले असणार, अशी तोपर्यंत माझी समजूत होती. तशी पाने अगदी थोडी निघाली, आणि त्यांतली बरीचशी निवृत्त शिक्षकांची होती. बाकी सर्वांच्या पानांवर खंड होते. दहावीचे वर्ष कोरे, नोकरी लागल्यावर दोन-तीन वर्षे कोरी, पुढे लग्न, बाळंतपण, घराचे बांधकाम, घरातले आजारपण. ज्यांना मी दांडगे वाचक म्हणून ओळखत होतो, त्यांच्याही पानांवर चार-चार वर्षांचे खंड होते. फरक इतकाच होता की त्यांच्या नोंदी खंडानंतर पुन्हा सुरू झालेल्या होत्या आणि इतरांच्या झालेल्या नव्हत्या.

मग मी नोंद तुटण्याआधीची शेवटची ओळ पाहू लागलो. ती ओळ बहुतेक पानांवर सारखीच निघाली. पुस्तक परत आल्याची तारीख आहे, पण त्या दिवशी नवे पुस्तक नेल्याची नोंद नाही. म्हणजे तो सभासद ग्रंथालयात आला, पुस्तक टेबलावर ठेवले आणि रिकाम्या हाताने घरी गेला. त्याला हवे असलेले पुस्तक बाहेर गेलेले असेल, आमची बंद करण्याची वेळ झाली असेल, किंवा काय न्यावे हे सुचले नसेल आणि ‘पुढच्या वेळी बघू’ असे म्हणून तो निघाला असेल. ती पुढची वेळ आलीच नाही. पुस्तक आवडले नाही म्हणून वाचन सोडलेला माणूस मला क्वचित भेटला. हातातले पुस्तक संपले आणि दुसरे हाती आले नाही म्हणून वाचन सुटलेली माणसे शेकड्यांनी भेटली. डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रे मांडली, त्यांतील ‘प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ’ आणि ‘वाचकाचा वेळ वाचवा’ ही दोन सूत्रे आम्ही परीक्षेपुरती पाठ केलेली होती. त्यांचा अर्थ मला त्या कोऱ्या रकान्यांपुढे बसल्यावर कळला.

आता काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, आणि त्या न पाहता उपाय सांगणे बरे नव्हे.

पहिली गोष्ट म्हणजे तुमच्या मुलाला वाचणे सोपे जाते की कष्टाचे, हे तपासा. गफ आणि टनमर या अभ्यासकांनी १९८६ मध्ये वाचनाचे एक साधे समीकरण मांडले: अक्षरांवरून शब्द ओळखण्याची क्षमता गुणिले भाषेची समज, म्हणजे वाचनातून होणारे आकलन. इथे बेरीज नसून गुणाकार आहे, म्हणून एक बाजू अगदी लंगडी असेल तर दुसरी कितीही भक्कम असली तरी उपयोग होत नाही. ‘प्रथम’ संस्थेच्या २०१८च्या ‘असर’ पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातील पाचवीच्या मुलांपैकी साधारण निम्म्या मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला होता. अशा मुलाला गोडी लावू पाहणे म्हणजे पायात काटा असलेल्याला पळण्याचे फायदे सांगण्यासारखे आहे. तुमचा मुलगा सहावीपर्यंत वाचत होता, त्यामुळे त्याची ही अडचण नसावी. परंतु तो इंग्रजी माध्यमात शिकत असेल तर एक शक्यता उरते. बालपुस्तकांतली मोठ्या टायपातली, छोट्या वाक्यांची मराठी त्याला सहज येत असेल, पण मोठ्यांच्या पुस्तकातली जोडाक्षरांची आणि लांब वाक्यांची मराठी त्याला जड जात असेल, आणि त्याचे इंग्रजी अजून कथा-कादंबरीपर्यंत पोहोचलेले नसेल. दोन भाषांच्या मधल्या ओट्यावर बसून राहिलेली अशी मुले गेल्या दहा-बारा वर्षांत मी पुष्कळ पाहिली. परीक्षा घेतल्यासारखे न करता त्याच्याकडून वर्तमानपत्रातील खेळाच्या पानावरची एखादी बातमी मोठ्याने वाचून घ्या, म्हणजे लगेच अंदाज येईल.

दुसरी गोष्ट तुमच्या घराच्या आसपास काय आहे ही. चालत जाण्याच्या अंतरावर ग्रंथालय असेल तर अर्धे काम झाले. नसेल तर शाळेचे ग्रंथालय, शेजारच्या गावचे वाचनालय, नातेवाइकांचे कपाट यांवर भागवावे लागेल आणि त्यात तुमचा वेळ जाईल. तिसरी गोष्ट त्याच्या दिवसाची. सकाळी शिकवणी, दिवसभर शाळा, संध्याकाळी पुन्हा शिकवणी असा दिवस असेल तर त्यात पुस्तकाला जागा नाही हे मान्य केले पाहिजे, आणि तो दोष मुलाचा नाही.

बक्षिसांबद्दल मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण ती चूक मी स्वतः केली आहे. नोकरीच्या चौथ्या की पाचव्या वर्षी मी बालसभासदांसाठी उन्हाळी स्पर्धा ठेवली: सुट्टीत जो सर्वांत जास्त पुस्तके वाचेल त्याला कंपासपेटी आणि सायकलला लावायची घंटी. पहिल्या आठवड्यात मुलांची इतकी झुंबड उडाली की मला फार धन्य वाटले. दुसऱ्या आठवड्यात माझ्या लक्षात आले की जाड पुस्तकांना कुणी हात लावत नाही आणि बत्तीस पानी पुस्तके सकाळी जाऊन दुपारी परत येत आहेत. एका मुलाने एका दिवसात पाच पुस्तके आणून दिली. मी त्याला त्यांतल्या एका गोष्टीत शेवटी काय होते असे विचारले, तर त्याने मलपृष्ठावरचा मजकूर घडाघडा म्हणून दाखवला. तो पहिला आला आणि घंटी घेऊन गेला. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर स्पर्धेतल्या मुलांपैकी निम्मीही पुन्हा फिरकली नाहीत, आणि त्यांत आधी आपणहून नियमित येणारी दोन-तीन मुलेही होती. पुढे प्रशिक्षणात लेपर, ग्रीन आणि निस्बेट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचा १९७३चा प्रयोग कानावर आला. ज्या बालवाडीतल्या मुलांना चित्रे काढायला मुळातच आवडत होते, त्यांना चित्र काढल्यास बक्षीस मिळेल असे आधी सांगून ते दिले, तेव्हा नंतर मोकळ्या वेळात ती मुले पूर्वीपेक्षा कमी चित्रे काढू लागली. हे ऐकताना मला ती घंटी आठवली. तुम्ही देऊ केलेल्या शंभर रुपयांचेही असेच झाले असावे. ज्याची मजुरी मिळते ते काम असते, आणि काम संपले की माणूस घरी जातो.

रोज वीस पानांचा नियमही मला पटत नाही, पण त्याला माझा विरोध बक्षिसाइतका नाही. काही मुलांना नियम मानवतो. मात्र नियमात पुस्तक कुठे थांबायचे हे पानांची संख्या ठरवते, आणि गोष्ट रंगात आली असताना थांबणे किंवा रंगत नसताना रेटणे या दोन्हींनी सारखेच नुकसान होते. नावडते पुस्तक अर्धवट सोडून द्यायची परवानगी असली पाहिजे. आमच्याकडे काही पालक मुलाने पुस्तक अर्धवट आणले की त्याला परत पाठवत, ‘पूर्ण कर, मग दुसरे’ म्हणत. ते मूल तेच पुस्तक पंधरा दिवस पिशवीत घेऊन फिरे, आणि त्या पंधरा दिवसांत दुसरे काहीच वाचत नसे.

नववी-दहावीच्या वयाला आणखी एक अडचण असते आणि तिच्यात आम्हा ग्रंथालयवाल्यांचाही हात आहे. बालविभागातली पुस्तके या मुलांना लहान वाटतात, आणि मोठ्यांच्या विभागात ती गेली की कुणीतरी विचारतो, ‘तुला रे काय हवंय इथे?’ आमचे ग्रंथालय अनेक वर्षे कपाटबंद पद्धतीचे होते; पुस्तकाचे नाव चिठ्ठीवर लिहून द्यायचे आणि शिपाई ते काढून आणणार. ज्याला नाव माहीत आहे त्याच्यासाठी ही पद्धत ठीक आहे. पंधरा वर्षांच्या मुलाला नाव कुठून माहीत असणार? वाचकाने स्वतः कपाटाशी जाऊन पुस्तक निवडण्याची मुक्तद्वार पद्धत सुरू झाल्यावर आम्ही देवघेवीच्या टेबलाजवळ एक मांडणी ठेवली आणि तीत नुकतीच परत आलेली पुस्तके वर्गवारी न लावता तशीच ठेवू लागलो. साहसकथा, शिकारकथा, क्रिकेटपटूंची चरित्रे, किल्ल्यांची माहिती, रहस्यकथा, कधी एखादे मोटार दुरुस्तीचे पुस्तक. या मुलांनी सर्वांत जास्त पुस्तके त्या मांडणीवरूनच नेली. दुसऱ्या कुणीतरी आत्ताच वाचून आणलेले आहे, एवढी शिफारस त्यांना पुरत असे.

विषय कोणता असावा, याबद्दल पालकांचा आग्रह मला फारसा मान्य नाही, आणि याचे कारण एक द्राक्षबागायतदार आहेत. ते पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा पस्तिशीचे होते आणि त्यांना फक्त केवडा आणि भुरी या रोगांवरचे पुस्तक हवे होते. शाळेनंतर काही वाचले नाही, असे त्यांनीच सांगितले. ते पुस्तक त्यांनी तीनदा नेले. मग छाटणीवरचे नेले, मग मातीवरचे, मग पाणी या विषयावरचे, तिथून दुष्काळ आणि धरणांवरचे, आणि दुष्काळावरून एका माणदेशी कादंबरीवर आले. ही वाटचाल चार वर्षांची होती. त्यांचे पान पाहिले तर दरवर्षी ऑक्टोबरच्या फळछाटणीपासून माल निघेपर्यंत एकही नोंद नाही. बेदाण्याचा हंगाम आणि एप्रिलची खरडछाटणी उरकली, पाऊस लागला की नोंदी सुरू. वर्षातले सात-आठ महिने हा माणूस वाचत नाही, आणि तरी त्यांच्याइतका पक्का वाचक मी दाखवू शकणार नाही. खंड पडणार हे त्यांनी धरलेलेच आहे. परत यायची वेळ कोणती हेही त्यांना ठाऊक आहे.

माहितीचे वाचन आणि खरे वाचन असा भेद करणाऱ्यांना मी आणखी एक गोष्ट सांगत असतो. अमेरिकेत १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सातवी-आठवीच्या मुलांना बेसबॉलच्या सामन्याचे वर्णन वाचायला दिले होते. ज्यांचे वाचन कच्चे पण खेळाची माहिती चांगली होती, त्या मुलांना ते वर्णन वाचन चांगले पण खेळाची माहिती नसलेल्या मुलांपेक्षा अधिक समजले. आपल्याकडे बेसबॉलच्या जागी कुस्ती किंवा कबड्डी घाला. मुलाला ज्या विषयात गती आहे तिथे त्याचे वाचन त्याच्या एरवीच्या पातळीच्या वर चढते, आणि पुस्तक आपल्याला समजते हा अनुभव तिथे प्रथम येतो. तुमच्या मुलाला कशात गती आहे हे तुम्ही लिहिलेले नाही. माझ्या उत्तरातला सर्वांत महत्त्वाचा तपशील तुमच्याकडेच आहे.

पुढचे वाचन आपोआप हाती येण्याची सोय जिथे होती, तिथे वाचक टिकले, याचे उदाहरण आमच्या शेजारीच आहे. किर्लोस्करवाडीहून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघाले, त्याचेच पुढे ‘किर्लोस्कर’ झाले. १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ सुरू झाले. लोखंडी नांगराच्या कारखान्याभोवती वसलेल्या एका लहान गावातून निघालेली ही मासिके मराठी घरांत दर महिन्याला टपालाने पोचत. आमच्या घरात आजी ‘स्त्री’ची वाट पाहत असे, ही आठवण मला माझ्या वडिलांनी सांगितली. तिला पुस्तक निवडायचे नव्हते, आणायला जायचे नव्हते. महिना भरला की पुढचा अंक दारात येत असे. नियतकालिकाची ही खुबी ग्रंथालयांनी नीट ओळखली आहे असे मला वाटत नाही. बालभारतीचे ‘किशोर’ १९७१ पासून निघत आहे आणि आजही एखाद्या मुलाच्या नावाने दर महिन्याला अंक घरी आला की तो अंक प्रथम कुणी फोडायचा यावरून घरात भांडण होते. भांडण होणे हे चांगले लक्षण समजावे. नववीच्या मुलाला ‘किशोर’ लहान वाटेल. पण विज्ञान, खेळ, प्रवास यांपैकी कोणतेही एक मासिक त्याच्या नावाने सुरू करता येईल.

मोबाईलचे यश मला वाटते याच जागी आहे. त्याच्यात एक गोष्ट संपली की दुसरी आपोआप पुढे येते. मधली पोकळी तो शिल्लकच ठेवत नाही. म्हणून नुसता मोबाईल काढून घेतल्याने मुलाच्या हाती पुस्तक येत नाही, त्याचे हात फक्त रिकामे होतात. बसथांब्यावर, जेवणाआधी, झोपण्यापूर्वी अशा ज्या दहा-पंधरा मिनिटांच्या जागा आहेत, तिथे पुस्तक आधीच पडलेले असायला हवे. ते कपाटात असेल तर त्या दहा मिनिटांत कुणी उठून कपाट उघडणार नाही. उशाशी किंवा टेबलावर उघडे असेल तर हात जातो.

सुट्टीत पाचगणीच्या बाजूला जाणार असाल तर भिलारला जरूर जा. २०१७ पासून ते पुस्तकांचे गाव म्हणून ओळखले जाते, आणि तिथे घराघरांतून मांडलेली पुस्तके सभासद न होता बसून वाचता येतात. मात्र एका सहलीने किंवा १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाने वाचक तयार होईल अशी अपेक्षा धरू नका. त्या दिवशी आमच्याकडेही पुष्कळ मुले शाळेच्या रांगेतून येत, फोटो निघत, आणि १६ तारखेची दुपार नेहमीसारखीच असे.

आता तुमच्याविषयी. पंधरा वर्षांनी परत येणारा माणूस बहुधा एक चूक करतो: जिथे सोडले तिथूनच सुरू करू पाहतो. कॉलेजात सहाशे पानांची कादंबरी तीन दिवसांत संपवली होती, म्हणून तो तितक्याच जाडीची कादंबरी नेतो, साठाव्या पानावर अडकतो आणि मुदत उलटून गेली की लाजेने येतच नाही. एक गृहस्थ असेच एक पुस्तक चौदा महिन्यांनी आपल्या मुलीच्या हाती पाठवून स्वतः रस्त्यापलीकडे थांबले होते. दंड आम्ही माफ करत असू, पण हे त्यांना कुणी सांगितले नव्हते. अशा परतणाऱ्यांना मी दिवाळी अंक देत असे, आणि ते दिवाळीत नव्हे तर जानेवारी-फेब्रुवारीत, कारण तोवर अंकांची मागणी ओसरलेली असते. १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ने पहिला दिवाळी अंक काढल्यापासून आपल्याकडे ही एक मोठी सोय झालेली आहे: एका अंकात कथा, लेख, कविता, व्यंगचित्रे, सगळे पंधरा-वीस मिनिटांत संपणारे, आणि नावडलेले पान उलटून पुढे जाण्यास कुणाची हरकत नाही. तीन-चार अंक झाले की माणूस आपणहून विचारतो, ‘या लेखकाचे आणखी काही आहे का?’ हे विचारणाऱ्याला मग माझी फारशी गरज उरत नसे.

मुलासाठी म्हणून ग्रंथालयात जाऊ नका. स्वतःसाठी जा आणि त्याला बरोबर घ्या. सभासदत्वे दोन घ्या, म्हणजे एकाचे पुस्तक संपले आणि दुसऱ्याचे चालू असले तरी घरात एक तरी पुस्तक नेहमी उघडे राहील. परत करायला जाल त्या दिवशी काहीही न घेता बाहेर पडायचे नाही, हा एकच नियम पाळा, मग ते पुस्तक पुढे न वाचता परत गेले तरी हरकत नाही. दहावीच्या वर्षात त्याचे वाचन थांबेल. त्या वेळी त्याचे सभासदत्व रद्द करून अनामत परत घेऊ नका. अनेक पालक शिस्त म्हणून तसे करतात, आणि परीक्षा झाल्यावर पुन्हा अर्ज, पुन्हा अनामत या खटाटोपात ते राहूनच जाते. शेवटचा पेपर होईल त्या संध्याकाळी त्याच्या टेबलावर एक पुस्तक असू द्या, आणि त्याबद्दल काही बोलू नका.

पहिल्यांदा जाल त्यापूर्वी तुमच्या गावच्या वाचनालयाची वेळ आणि साप्ताहिक सुट्टीचा वार तेवढा विचारून घ्या. पहिल्याच फेरीला दाराला कुलूप दिसलेली माणसे दुसरी फेरी मारत नाहीत, हे मी आमच्या दारासमोरच्या चहाच्या टपरीवर बसून, सुट्टीच्या दिवशी, अनेकदा पाहिले आहे.